चौथ्या आयतीच्या अलीकडे

४ जानेवारी

भाई,

अब्बा आज फातिहा विसरले.

एवढं लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन वाचलं. तेच लिहिलेलं आहे.

मास्तर सांगायला आले. शिलाईचं दुकान उघडायच्या आधी थेट आपल्या दारात. गळ्यात मोजपट्टी, पायात काही नाही. पहाटेच्या नमाजीनंतर चपला मशिदीतच विसरून चालत आले होते.

"पोरी, आधी अम्मीला बसव."

"काय झालं?"

"काही नाही झालं. म्हणजे... तूही बस."

अब्बा नेहमीसारखे इमाम म्हणून पुढे उभे राहिले. नेहमीच्या आवाजात फातिहा सुरू केली, नमाजीच्या दर रकातीत, दर फेरीत म्हणायच्या कुराणातल्या त्या पहिल्या सात आयती. तीन आयती झाल्या आणि चौथीच्या जागी पुन्हा पहिली आली. कुणाला काही वाटलं नाही. एखादा शब्द मनासारखा उतरला नाही तर अब्बा मागून परत घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा तीन झाल्या. पुन्हा पहिली.

मग मागून कुणीतरी लुकमा दिला. तुला आठवतं, लहानपणी मला वाटायचं की इमाम अडला की मागचे लोक त्याला खरंच घास भरवतात, आणि मी विचारलं होतं, कशाचा? अब्बा हसले होते. म्हणाले होते, अडलेला एक शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं. घास द्यायचा, ताट वाढायचं नाही.

आज लोकांनी ताटच्या ताट वाढलं. आधी एकानं, मग पहिल्या रांगेनं, मग सगळ्यांनी मिळून चौथी आयत म्हटली. अब्बांनी घेतली नाही. त्याच आवाजात, त्याच लयीत, पुन्हा पहिली.

"घाबरले असते तरी बरं वाटलं असतं," मास्तर म्हणाले. "घाबरलेच नाहीत."

शेवटी पहिल्या रांगेतल्या वायरमननं पुढे होऊन त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि तो इमामाच्या जागी उभा राहिला. सगळे रुकूत वाकले. सगळ्यांनी सजद्यात कपाळ टेकलं. अब्बा एकटे उभे होते. त्यांचं अजून चालूच होतं.

अब्बा घरी आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळत होते. त्यांनी चहा मागितला. माझ्या दुकानाचं कुलूप दुरुस्त झालं का, विचारलं. मग म्हणाले, "आज लोक मागून एवढे ओरडत का होते?"

अम्मीनं सांगितलंय, तुला कळवायचं नाही. म्हणून कळवतेय. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या लिफ्ट कंपनीचा पत्ता मी कसा मिळवला ते विचारू नकोस.

बाकी सगळे ठीक.

धाकटी


११ जानेवारी

भाई,

डॉक्टरकडे नेलं. मेंदूतली एक बारीक नस बंद झाली आहे. हात चालतो, पाय चालतो, बोलणं चालतं. मी विचारलं, मग फातिहाच का गेली? डॉक्टर म्हणाले, "फातिहाच असं नाही. क्रमानं येणारं काहीही म्हणायला सांगा."

मी म्हटलं, अब्बा, वार म्हणा.

सोमवार, मंगळवार, बुधवार. सोमवार, मंगळवार, बुधवार. सोमवार.

डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, आज कोणता वार?

"गुरुवार," अब्बा म्हणाले. लगेच. आणि आमच्याकडे असं पाहिलं की एवढं साधं काय विचारताय.

चष्म्याच्या दुकानात माझ्याकडे असे म्हातारे येतात ज्यांना अक्षरांचा तक्ता पाठ असतो. दिसत काही नसतं, पण घडाघडा म्हणतात. मी तक्ता बदलते, मग गप्प होतात. अब्बांचं उलटं झालंय. त्यांना सगळं दिसतंय आणि म्हणता येत नाही. हे मला दुकानात, एका बाईच्या नाकावर फ्रेम बसवताना कळलं आणि माझ्या हातून फ्रेम पडली.

आता खरी गोष्ट. मशिदीत त्यांच्या जागी वायरमन उभा राहतो, ते ठरलं. अब्बा घरीच पढतो म्हणाले. आम्हाला वाटलं, सुटलो.

दुपारी ते अंथरलेल्या जानमाजवर उभे राहिले. दुपारची नमाज मुक्यानं वाचायची, त्यामुळे आम्हाला काही ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसत होते. मनातल्या मनात म्हटलेलं वाचन नव्हे, जीभ हलली पाहिजे, हे त्यांनीच आपल्याला शिकवलंय. अम्मीनं भाकऱ्या केल्या. ते उभे होते. अम्मीनं भांडी घासली. ते उभे होते. मी दुकानातून परत आले तेव्हाही उभेच, आणि अम्मी समोरच्या भिंतीशी बसून त्यांच्या पायांकडे पाहत होती. पाय सुजून चकचकीत झाले होते.

कळलं ना तुला? फातिहा पुरी झाल्याशिवाय रुकू नाही. ती पुरी होत नाही. म्हणून ते वाकत नाहीत.

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि टाळी दिली, इमाम चुकला की बायका देतात तशी, हाताच्या पाठीवर. ओठ थांबले. मला वाटलं, आता. ओठ पुन्हा सुरू झाले, पहिल्यापासून. मग मी मोठ्यानं चौथी आयत म्हटली. अम्मी माझ्याकडे पाहत राहिली. पण त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

शेवटी आम्ही दोघींनी त्यांना धरून बसवलं. "अजून झालं नाही," ते म्हणाले. आम्हाला समजावल्यासारखं.

पडले वगैरे नाहीत. काळजी करू नकोस.

धाकटी


२३ जानेवारी

भाई,

तुझं कार्ड आलं. "अब्बांना दुसऱ्या कुणाच्या मागे उभं करा. इमामाचं वाचन मागच्याला पुरतं. हे त्यांना माहीत आहे. माझा तिथे काय संबंध."

तीन वाक्यं बरोबर आहेत.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते पडले होते. आम्ही धरायच्या आधी. कपाळाला दारची चौकट लागली. टाके घातलेत.

वायरमन घरी आला होता. बिचारा दाराशीच उभा. अब्बांच्या जागेवर आल्यापासून त्याला अब्बांच्या घरात बसवत नाही. म्हणाला, "हजरत, तुम्हाला सवलत आहे. जेवढं येतं तेवढं वाचा आणि रुकूत जा. हे तुम्हीच आम्हाला सांगितलंय."

अब्बा म्हणाले, "ती ज्याला येत नाही त्याला. मला येतं."

"पण हजरत, ते पुढे..."

"मला येतं," अब्बा म्हणाले.

वायरमननं माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हकडे पाहिलं.

मग म्हणाला, मशिदीत या, आमच्या मागे उभे राहा. अब्बा गेले. मी खुश झाले. संध्याकाळी मास्तर त्यांना हाताला धरून परत घेऊन आले. झालं असं की रांगा लागल्या, वायरमन पुढे उभा राहिला, आणि अब्बा रांगांमधून वाट काढत सरळ मेहराबीत, इमामाच्या कोनाड्यात, जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. कुणी अडवलं नाही. कसं अडवणार? तेच एकटे होते ज्यांना काही चुकलंय असं वाटत नव्हतं. मग बाजूला केल्यावर त्यांना कळलं. मास्तर सांगत होते, कळलं तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

आता ते मशिदीत जात नाहीत. "पाय ऐकत नाहीत," म्हणाले.

तेव्हा घरीच कुणीतरी त्यांच्या पुढे उभं राहायला हवं. मला फातिहा येते. अम्मीला येते. पण आम्ही बायका, आमच्या मागे त्यांची नमाज होत नाही. या घरात आता फक्त एक पुरुष आहे आणि त्यालाच ती म्हणता येत नाही.

तुझा काय संबंध, ते मी सांगितलं.

तुला वाटेल, ज्यानं सगळ्या जमातीसमोर माझं वाचन नाकारलं, त्याच्यासाठी मी येऊ? मी तिथे नव्हते, पण मला पाठ आहे ते. अब्बांचा घसा बसलेला. संध्याकाळी मगरिबला त्यांनी तुला पुढे केलं आणि स्वतः मागे उभे राहिले. नमाज संपवून तू सलाम फेरलास, आणि तुझ्या पाठीमागे अब्बा उठले आणि त्यांनी तीच नमाज पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. एक शब्द न बोलता. मग मास्तर उठले. मग रांगच्या रांग. तू मेहराबीत बसून मागची सळसळ ऐकत होतास. दुसऱ्या दिवशी तू गेलास. टोपी तिथेच राहिली. मास्तरांनी आणून दिली ती, धुऊन, इस्त्री करून. अम्मीनं ती कपाटात ठेवलीय.

मी तुला विसर म्हणत नाही. मी फक्त विचारते, पाय किती सुजायला हवेत?

धाकटी


५ फेब्रुवारी

भाई,

हे उभ्याउभ्या लिहितेय. नीट वाच. दोनदा वाच.

काही दिवस झाले, मास्तर दुकान बंद करून तिसऱ्या प्रहरी आणि संध्याकाळी येतात. ते पुढे, अब्बा त्यांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. मास्तर वाचतात, अब्बा ऐकतात. रुकू होतो. पहिल्यांदा अब्बा वाकले तेव्हा अम्मी स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाकी तीन वेळा मात्र ते एकटे उभे राहतात आणि आम्ही त्यांना ओढून बसवतो.

मास्तरांचं वाचन तुला माहीत आहे. शिवण उसवावी तसं. आज नमाज झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "हजरत, माझ्या वाचनानं तुमचे कान किटले असतील."

अब्बा म्हणाले, "होते. नमाज होते."

"होते हो. पण वाचन म्हणजे तुमच्या मुलाचं. तसं या वस्तीत पुन्हा ऐकलं नाही."

मी चहा गाळत होते. मास्तरांनी त्या दिवसानंतर तुझं नाव या घरात पहिल्यांदा काढलं होतं. मी गाळणं तसंच धरून राहिले.

"चांगला वाचायचा," अब्बा म्हणाले.

"मग तेव्हा तुम्ही पुन्हा का पढलात?" मास्तरांनी विचारलं. भाई, इतक्या सहज. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"माझी तुटली होती."

"काय तुटली होती?"

"नमाज. माझी. तोंडातून शाबास निघालं."

मास्तर पुढे सरकले.

"शाबास?" मास्तर म्हणाले.

"दुसऱ्या रकातीत. तो लांब स्वर त्यानं असा नेला की... माझ्या तोंडातून निघून गेलं. हळू. पण बोललो म्हणजे बोललो. नमाजीत बोललं की तुटते."

"मला वाटलं खोकलात! मी शेजारीच होतो! वाटलं घसा बसलाय, खोकलात!"

"खोकलो असतो तर तुटली नसती."

मास्तर उभे राहिले. पुन्हा बसले. "हजरत, मी तुमच्या मागोमाग उठलो! माझे गुडघे! मला वाटलं पोराचं काही चुकलं, तुम्हाला कळलं, आम्हा अडाण्यांना कळलं नाही. मी उठलो म्हणून माझ्या मागे सगळी रांग उठली!"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं उठायला?"

"कुणी सांगायला हवं? तुम्ही उठलात!"

"त्याचं काही चुकलं नव्हतं," अब्बा म्हणाले. "एक मात्राही नाही."

मग अम्मी बाहेर आली. हातात कणीक लागलेली. तिनं एवढंच विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

अब्बा तिच्याकडे न पाहता बोलले. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे देते, कारण ते तुझे आहेत. "काय सांगू? की कुराण वाचलं जात होतं आणि मी ते ऐकत नव्हतो? मी पोराचा आवाज ऐकत होतो. लोकांना जन्मभर सांगितलं, पुढे कोण उभा आहे ते विसरा, काय वाचलं जातंय ते ऐका. आणि मी स्वतः उभ्या नमाजीत मुलाची पाठ थोपटली. हे कोणत्या तोंडानं सांगू? आज सांगतो, उद्या सांगतो, म्हणेपर्यंत तो गेला."

"तो गेला," अम्मी म्हणाली. आणि आत गेली.

मास्तर चहा न घेता गेले. दारात वळून म्हणाले, "सगळ्या जमातीनं फुकट दोनदा पढली." हसावं की काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मलाही.

भाई, तुझं वाचन नाकारलं नव्हतं. ते जास्त आवडलं होतं. तू त्याच्यापायी घर सोडलंस. त्यांनी त्याच्यापायी तुला जाऊ दिलं. 

धाकटी


१४ फेब्रुवारी

भाई,

तुझं कार्ड. "मी नमाज सोडली. गेल्यापासून. आता येतही नसेल. मी कोणत्या तोंडानं पुढे उभा राहू."

कोणत्या तोंडानं! बापासारखंच बोललास.

मी अब्बांना विचारलं. नाव न घेता. "अब्बा, समजा एकानं नमाज सोडलेली आहे. तो इमाम म्हणून उभा राहिला, तर मागच्याची होते?"

त्यांनी लोकांना द्यायचे तसं उत्तर दिलं. आधी डोळे मिटले. "बरं नव्हे. पण होते." मग डोळे उघडून, "कोण विचारतंय?"

"असंच."

"असंच कुणी विचारत नाही."

अम्मीनं त्या दिवसापासून त्यांच्याशी अबोला धरलाय. औषध देते, पाय चेपते, जेवायला वाढते, बोलत नाही. काल ते म्हणाले, "मीठ कमी आहे." तिनं मिठाची बरणी आणून ताटाशेजारी ठेवली आणि गेली. आजारी माणसाशी अबोला धरलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. तिचं म्हणणं, मुलगा परत येईपर्यंत माझी जीभ आजारी.

मास्तरांचे गुडघे फार दुखतात. काल सजद्यातून त्यांना अब्बांनी हात देऊन उठवलं.

टाके काढले. खूण राहील. ये.

धाकटी


१ मार्च

भाई,

परतीच्या बसमध्ये चढताना तू मला विचारलंस, "अब्बा मागे काय करत होते?" मी म्हटलं, काय करणार, उभे होते. अम्मी शेजारी होती, म्हणून. बदलीचा अर्ज देऊन तू येशील तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर माझ्याच्यानं राहवणार नाही.

तू आलास त्या संध्याकाळी मास्तर हट्टानं आले. म्हणाले, एका वेळी माझ्यामुळे बिघडलं, एकदा माझ्यासमोर नीट होऊ द्या. ते नसते तर अब्बा तुझ्या उजव्या हाताला उभे राहिले असते आणि तुला दिसले असते. ते होते म्हणून दोघं तुझ्या मागे. अम्मी त्यांच्या मागे. मला त्या दिवशी नमाज नव्हती, बायकांना दर महिन्याला माफ असते तशी, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते, बाजूला. म्हणून मला सगळे दिसत होते. तुझं डोकं, त्यावर ती इस्त्री केलेली टोपी. अब्बांचं तोंड.

तू सुरू केलंस. आवाज जाड झालाय तुझा. लिफ्टच्या खड्ड्यातल्या धुळीनं असेल.

पहिली आयत. दुसरी. तिसरी.

आणि तू थांबलास.

तू म्हणतोस विसरलास. मला तुझी मान दिसत होती. तू विसरला नव्हतास. आपण लहान होतो तेव्हा अब्बा सांगायचे, पहिल्या तीन आयतींत वरच्याविषयी बोलायचं असतं, चौथीपासून त्याच्याशी. समोरासमोर. इतक्या वर्षांनी कुणाचाही तिथे पाय अडला असता.

पंख्याचा आवाज येत होता. मास्तरांनी तोंड उघडलं, लुकमा द्यायला. आणि त्यांच्या आधी, त्यांच्या शेजारून, चौथ्या आयतीचा पहिला शब्द आला.

एकच शब्द. पुरेसा. मग अब्बा गप्प झाले.

घास दिला. ताट वाढलं नाही.

मास्तरांचं तोंड तसंच उघडं राहिलं.  मी उंबऱ्याची कड धरली. जानेवारीपासून जी आयत त्यांच्या जिभेवर आली नव्हती, सगळ्या जमातीनं ओरडूनही आली नव्हती, ती तू अडल्याबरोबर आली. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं असं. 

हे तुलाही ऐकू आलं. तू तो शब्द घेतलास आणि पुढे गेलास. तुला दिसलं नाही ते यापुढचं.

दुसऱ्या रकातीत तुझा आवाज सुटला. तुला स्वतःला कळलं असेल. तो लांब स्वर तू नेलास, तसाच, पूर्वीसारखा, आणि भाई, अब्बांचे ओठ विलग झाले. मी पाहिलं. श्वास आत घेतला गेला. मी मनात म्हटलं, नको. अब्बा, नको.

त्यांनी खालचा ओठ दातांत धरला.

रुकूत सोडला नाही. शेवटच्या रकातीत सोडला नाही. डोळे मिटलेले, ओठ दातांत. सलाम फेरायला तोंड उघडावंच लागलं, तेव्हा सोडला. ओठावर रक्ताचा ठिपका होता.

सलाम फेरून तू वळला नाहीस. पाठमोरा बसून राहिलास. तू ऐकत होतास, मागे कुणी उठतंय का. कुणी उठलं नाही.

तू हात धुवायला मोरीवर गेलास. मास्तर गुडघे चोळत बसले होते, आणि रडत. अम्मी अब्बांच्या समोर येऊन बसली. त्यांची हनुवटी बोटानं वर केली आणि बोलली. त्या दिवसानंतरचं तिचं पहिलं वाक्य.

"ओठाला काय झालं?"

अब्बांनी जीभ फिरवून पाहिलं.

"जेवताना चावला," म्हणाले.

आम्ही अजून जेवलो नव्हतो.

धाकटी